वाटीतली साखर आणि हार्मोनवरची साखर

पाळी चुकली की वाटीत दोन चमचे साखर घ्यायची, त्यावर सकाळची पहिली लघवी ओतायची. गोळे झाले तर दिवस गेले, विरघळली तर नाही. हा उपाय रायपूरपासून पुण्यापर्यंत मोबाइलवर फिरतो. त्यात तथ्य नाही. साखर विरघळते की नाही, हे लघवी किती ओतली, किती गरम होती आणि साखरेचे दाणे केवढे होते, यावर ठरतं. गर्भधारणेचं हार्मोन, म्हणजे एचसीजी, त्या साखरेला काहीच करत नाही.

साखर या हार्मोनच्या स्वतःच्या अंगावर असते, पण ती वेगळी. 92 अमिनो आम्लांची अल्फा साखळी आणि 145 अमिनो आम्लांची बीटा साखळी यांवर मिळून आठ ठिकाणी गॅलॅक्टोज, मॅनोज वगैरेंचे छोटे फाटे जोडलेले असतात. त्यातले चार तर बीटाच्या शेपटीवरच आहेत. हार्मोनच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांचाच.

‘हार्मोनवर साखर, म्हणजे मधुमेहाची भीती’ हाही गैरसमज. हे फाटे वारेच्या पेशी घडवतात. गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी निराळी: 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातली साखर 140 किंवा त्याहून जास्त आहे का, ते पाहतात.

मग हे फाटे कशासाठी? त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल असतं. ते निघालं की यकृत हार्मोनला लगेच रक्तातून उचलून घेतं. ते शाबूत असल्यामुळे एचसीजी एक दिवसाहून जास्त टिकतं. त्याचं भावंड एलएच (ल्युटिनायझिंग हार्मोन) तासाभरातच निम्मं होतं. म्हणूनच वंध्यत्वाच्या उपचारात दिलेल्या एचसीजी इंजेक्शननंतर दहा-चौदा दिवस गर्भ नसतानाही किटवर दोन रेघा दिसू शकतात. कितीतरी जोडप्यांना हे कुणी आधी सांगतच नाही, याचं वाईट वाटतं.

शिवाय एचसीजी एकच नाही. पहिल्या आठवड्यांत जास्त आणि मोठ्या फाट्यांचं रूप अधिक असतं. ते गर्भ रुजायला मदत करतं. वारेच्या एका कर्करोगातही तेच वाढतं. रजोनिवृत्तीनंतर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी थोडं सल्फेटयुक्त एचसीजी बनवते, त्यामुळे त्या वयात अहवालात किंचित आकडा आला म्हणून घाबरून जाऊ नये. अर्थ डॉक्टरांना विचारावा.

‘तिसऱ्या महिन्यात रेघ फिकी, म्हणजे गर्भ गेला’ हेही खरं नाही. तोवर लघवीत हार्मोनचे तुकडेच जास्त असतात, आणि काही किट त्यांच्यामुळे चकतात. द्राक्षगर्भात (मोलर प्रेग्नन्सीत) तर हार्मोन इतकं वाढतं की चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते. किट फक्त सुरुवातीच्या निदानासाठी आहे. गर्भाची वाढ सोनोग्राफीच सांगते.

छत्तीसगडमध्ये मितानिनकडे, म्हणजे तिथल्या आशा कार्यकर्तीकडे, गर्भचाचणीचं ‘निश्चय’ किट मोफत मिळतं. साखर डब्यातच ठेवा, ते मागून घ्या. पाळी चुकली असेल आणि पोटात दुखतंय किंवा रक्त जातंय, तर रेघ कशीही येवो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.