मिळालेली पात्रता आणि मिळवलेली पात्रता

मडगावच्या फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरने भारताचा २-१ असा पराभव केला आणि २०२७ च्या आशिया चषक फुटबॉल स्पर्धेचे दार भारतीय पुरुष संघाला बंद झाले. चार संघांच्या गटातून एकालाच पुढे जाता येणार होते. छांगटेने पहिला गोल करून मिळवून दिलेली आघाडी टिकली नाही. अशा पराभवानंतर आपल्याकडे एक ठराविक प्रश्न विचारला जातो : एवढ्या मोठ्या देशाला अकरा खेळाडू मिळू नयेत काय? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याची मांडणीच सदोष आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कुरासाओ हे कॅरिबियन बेट विश्वचषकासाठी पात्र ठरले. त्याची लोकसंख्या सुमारे दीड लाख; एकट्या सोलापूर शहराची २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाख. कुरासाओचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तेथील क्लबांत घडले, हे खरे. परंतु त्यातून सिद्ध होते ते हेच की, निर्णायक ठरते ती डोक्यांची संख्या नव्हे, तर खेळाडू घडवणारी व्यवस्था. गोदामात सूत कितीही असले तरी ते मागावर चढल्यावाचून चादर होत नाही, हे सोलापूरच्या भवानी पेठेतील विणकराला कोणी सांगावे लागत नाही.

भारताच्या फुटबॉलचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९५० च्या विश्वचषकासाठी भारत पात्र ठरला तो एकही सामना न खेळता. गटातील प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली होती. नंतर भारतानेही माघार घेतली. अनवाणी खेळण्यास बंदी असल्याने संघ गेला नाही, ही कथा लोकप्रिय झाली; संघटनेने मात्र संघनिवडीवरील मतभेद आणि अपुरा सराव ही कारणे दिली होती. त्यानंतर विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारतीय संघ प्रत्यक्ष मैदानावर उतरला तो १९८५ साली. दुसरा प्रसंग महाराष्ट्रातला. २०२२ ची महिला आशिया चषक स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे झाली. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता आणि तीच स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. इराणशी बरोबरी झाल्यावर संघात करोनाचा संसर्ग पसरला. २३ जानेवारीला नियमाप्रमाणे लागणारे तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत आणि भारत स्पर्धेबाहेर गेला.

यानंतर २०२५ मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे याच महिला संघाने चारही सामने जिंकले. शेवटच्या सामन्यात, दोन विश्वचषक खेळलेल्या थायलंडला संगीता बासफोरच्या दोन गोलांच्या बळावर २-१ असे हरवून २०२६ च्या आशिया चषकात स्थान मिळवले. पात्रता फेरी खेळून हे यश भारतीय महिलांना प्रथमच लाभले. दोनदा आयती आलेली संधी हातची गेली. खेळून मिळवलेली कोणाच्या माघारीवर वा यजमानपदावर अवलंबून नव्हती.

तेव्हा खरा प्रश्न आहे तो सामन्यांच्या पुरवठ्याचा. वरच्या पातळीवर स्थिती अशी की, व्यापारी करार संपत आल्याने २०२५ मध्ये देशातील प्रमुख लीग ठरल्या वेळी सुरूच होऊ शकली नाही. खालच्या पातळीवर शालेय स्पर्धा आहेत. जिल्हा, विभाग, राज्य या तिच्या पायऱ्या म्हणजे एक प्रकारच्या पात्रता फेऱ्याच. आणि तेथे सामान्यतः बाद पद्धत असते. साधा हिशेब मांडून पाहावा. सोळा शाळांची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली तर पंधरा सामने होतात आणि आठ संघ एकाच सामन्यानंतर घरी जातात. भवानी पेठेतील एखाद्या शाळेच्या मुलींनी दोन महिने सराव करावा आणि तासाभरात त्यांचे वर्ष संपावे, असा हा व्यवहार आहे. त्याच सोळा शाळांचे चार गट केले, तर प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. उपांत्य व अंतिम सामने धरून एकूण सत्तावीस होतात. वाढतात ते अवघे बारा सामने.

मैदाने अपुरी, परीक्षा जवळ, पंचांचे मानधन कोठून आणावे, अशा अडचणी सांगितल्या जातील. त्या खोट्या नाहीत. तथापि जवळजवळच्या चार शाळांचा गट केला, तर प्रवासखर्च वाचतो आणि गटातील सामने रविवारी सकाळी उरकता येतात. शाळांनी आणि क्रीडा कार्यालयांनी मनावर घेतले, तर त्यासाठी नव्या स्टेडियमची प्रतीक्षा करावी लागणार नाही.

२०२६ पासून विश्वचषकात आशियाला आठ थेट जागा आहेत. उझबेकिस्तान आणि जॉर्डन यांनी त्यांतील दोन प्रथमच पटकावल्या. भारत मात्र दुसऱ्याच फेरीत गळाला. जागा वाढल्या म्हणजे पात्रता वाढते असे नव्हे. ती पहिल्या पराभवानंतरही पुढच्या रविवारी पुन्हा खेळायला मिळणाऱ्या मुलामुलींत वाढते.