वक्राच्या पोटातली सरळ रेषा

विकलन शिकायला लागलेल्या विद्यार्थ्याच्या हातात पहिल्यांदा पडते ते सूत्र: घात पुढे आणा, घातातून एक वजा करा. क्ष² दिसले की तो डोळे झाकून २क्ष लिहितो. पण त्यालाच 'क्ष = ३ असताना य = क्ष² या वक्राच्या स्पर्शिकेचे समीकरण काढ' म्हटले, की वहीत पुष्कळदा उमटते ते असे: य − ९ = २क्ष(क्ष − ३). कंस सोडवला तर य = २क्ष² − ६क्ष + ९ येते, म्हणजे रेषेच्या जागी चक्क दुसरा वक्र! आकडेमोड बिनचूक आहे, गफलत समजण्यात आहे. २क्ष मधून हव्या त्या बिंदूचा चढ काढता येतो; ३ वर तो ६ भरतो, आणि रेषेच्या समीकरणात हा ६ जायला हवा. म्हणून मला वाटते, विकलनाची सुरुवात सूत्रापासून नको, शाळेत घोकलेल्या य = मक्ष + क पासून करावी. विकलज म्हणजे त्यातला 'म'च, फक्त वक्रावर तो जागोजागी बदलतो.

हा ६ आला कुठून? ३ आणि ३.१ यांच्या वर्गांत ०.६१ चा फरक आहे, त्याला ०.१ ने भागले की जोडरेषेचा चढ ६.१. दुसरा बिंदू ३.०१ घेतला तर ६.०१, ३.००१ घेतला तर ६.००१. इथेच जुना आक्षेप येतो: भागताना अंतर शून्य नाही म्हणायचे आणि शेवटी तेच शून्य धरायचे, ही लबाडी नव्हे का? बिशप बर्कलीने १७३४ साली हेच विचारले होते, आणि ते रास्तच होते. कोशीने १८२१ च्या ग्रंथात सीमेची संकल्पना पायाशी ठेवली आणि पुढे वायरश्ट्रासने ती काटेकोर केली. शून्याने भागायचेच नाही. भागाकार कोणत्या संख्येच्या हवे तितके जवळ जातो, एवढेच पाहायचे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. हा वक्र कुठेच सरळ नाही, मग त्याला रेषा चिकटवायची कशाला? स्पर्शिका आहे य = ६क्ष − ९. क्ष = ३.१ ला ती ९.६ सांगते, खरे उत्तर ९.६१, ३.०१ ला ९.०६, खरे ९.०६०१. अंतर दहापट घटले, तर चूक शंभरपट घटली. आता त्याच बिंदूतून ५ चढाची रेषा काढा. तिची चूक ०.११ वरून ०.०१०१ वर येते, म्हणजे जेमतेम अकरापट घट. इतर कोणताही चढ घ्या, शेवटी घट दहापटीच्याच आसपास रेंगाळते. (भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांची तात्कालिक गती मांडली, तीही याच जातीची: दिवसभराच्या सरासरीऐवजी त्या क्षणाचा चढ.) अर्थात प्रत्येक वक्राला अशी रेषा मिळतेच असे नाही. क्षच्या केवल मूल्याच्या आलेखाला शून्यापाशी कोपरा आहे. डावीकडून चढ −१, उजवीकडून +१. आणि १८७२ मध्ये वायरश्ट्रासने तर कुठेही न तुटणारा, पण एकाही बिंदूला स्पर्शिका नसलेला आलेख दाखवून दिला.