बिडकीनचा बर्गर : स्पर्धेसाठी नवी पाककृती कशी बांधावी?

औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बिडकीन आता केवळ आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ राहिलेले नाही. येथील ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. कारखाने उभे राहतील तसे कामगार, ट्रकचालक, अभियंते येतील आणि त्यांना रोज दोन वेळा भूक लागेल. ही भूक कोण भागवणार? मोठ्या कंपन्यांची झगमगीत दुकाने, की आज याच रस्त्यावर भट्टी आणि तवा सांभाळणारे आपले कारागीर?

आपल्या समाजात नानबाई आहेत, कबाबवाले आहेत, बेकरीवाले आहेत, खाटीक आहेत. बर्गरला लागणारे सारे हुन्नर आपल्या घरात आहे. नाही ते एकच : स्वतःची, कागदावर लिहिलेली, दहादा केली तरी तशीच उतरणारी पाककृती. पाककला स्पर्धेत उतरण्याचा खरा फायदा आम्हाला येथेच दिसतो. बक्षीस मिळो न मिळो, स्पर्धेच्या निमित्ताने अशी पाककृती तयार होते आणि ती पुढे गल्ल्यावर कामाला येते.

नवे म्हणजे काय?

बर्गर म्हणजे गोल पाव, त्यात खिम्याची चपटी टिक्की, वर कांदा-काकडी आणि चटणी. मग त्यात नवे काय करणार? पुष्कळ जण येथे चुकतात. त्यांना वाटते की महागडे चीज, परदेशी सॉस आणि चार मजली उंची म्हणजे नवेपणा. आमच्या मते, ज्या गिऱ्हाइकाची अडचण आजवर कोणी सोडवली नाही, त्याची अडचण सोडवणारा पदार्थच खरा नवा.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील आहे. सिनसिनाटी शहरात लू ग्रोन नावाचा दुकानदार मॅकडोनाल्डची शाखा चालवीत असे. वस्ती बहुतांश कॅथलिक, आणि ते लोक शुक्रवारी मांस खात नसत. त्यामुळे शुक्रवारी धंदा बसे. ग्रोनने माशाचा बर्गर तयार केला. कंपनीचे मालक रे क्रॉक यांना तो पसंत नव्हता. त्यांनी मांसाऐवजी अननसाची चकती घातलेला स्वतःचा बर्गर पुढे केला. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही पदार्थ विक्रीस ठेवायचे आणि जो जास्त विकला जाईल तो यादीत जाईल, असे ठरले. माशाचे ३५० विकले गेले, अननसाचे अवघे ६! तो बर्गर पुढे जगभर पोहोचला. मात्र त्याआधी ग्रोनला एक तडजोड करावी लागली. त्याच्या हॅलिबट माशाच्या बर्गरला ३० सेंट पडत होते, कंपनीला २५ हवे होते. म्हणून स्वस्त कॉड मासा घ्यावा लागला. चव आणि किंमत या दोन्ही परीक्षा उतरल्यावरच पदार्थ पास झाला.

आपल्याकडेही हेच घडले. मुंबईत दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास वडा पावात घातला, असे सांगितले जाते. घाईत असलेल्या गिरणी कामगाराला उभ्या-उभ्या, एका हाताने आणि स्वस्तात खाता येईल असे काही हवे होते. ती गरज त्या पदार्थाने भागवली. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड भारतात आले तेव्हा त्यांनाही गोमांस सोडून मटणाचा महाराजा मॅक आणि बटाट्याची टिक्की आणावी लागली. एवढी मोठी कंपनी गिऱ्हाइकाच्या चालीरीतीपुढे वाकते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपले भांडवल : नान-खलिया

औरंगाबादचे नाव नान-खलियाशी जोडलेले आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला, अशी परंपरेने समजूत आहे. हळद आणि गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला तो पिवळसर, मऊ नान आणि तर्रीदार खलिया दावतीत बसून खाण्याचा जिन्नस आहे. पण पाळी बदलताना वीस मिनिटांची सुट्टी असलेला कामगार तो कसा खाणार? रस्सा सांडतो, हात माखतात. ही झाली अडचण. खलियाची चव एका हातात धरता येईल अशी करणे, हे झाले नवेपण. स्पर्धेत परीक्षकांनी विचारले की हा पदार्थ तुम्हाला का सुचला, तर आपल्याजवळ खरे उत्तर असेल.

मांसाबद्दल एक सूचना. १९७६ च्या कायद्यातील दुरुस्ती मार्च २०१५ पासून लागू झाल्यावर महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचा त्या बंदीत समावेश नसला तरी स्पर्धेसाठी हलाल मटण किंवा कोंबडी घेणेच शहाणपणाचे. परीक्षकाने घासच घेतला नाही तर गुण कोठून मिळणार?

चिमूट-मूठ नको, वजन हवे

खाली दहा बर्गरचा आराखडा देत आहोत. त्यात आपापल्या हाताप्रमाणे फेरफार करावा, पण प्रत्येक फेरफार वहीत नोंदवावा.

टिक्की : मटणाचा खिमा १ किलो (त्यात पाचवा हिस्सा चरबी असावी, नाहीतर टिक्की कोरडी होते), तळलेला कांदा १०० ग्रॅम, डाळ्याचे पीठ ६० ग्रॅम, आले-लसूण वाटण ३० ग्रॅम, हिरवी मिरची १५ ग्रॅम, घरचा खलियाचा मसाला १५ ग्रॅम, मीठ १५ ग्रॅम. मीठ घालून खिमा चांगला मळला की तो चिकट होऊन बांधला जातो. मग अर्धा तास थंड जागी ठेवावा. १२० ग्रॅमच्या दहा टिक्क्या पावापेक्षा किंचित रुंद थापाव्यात, कारण शिजताना त्या आक्रसतात आणि वजन साधारण चौथ्या हिश्श्याने घटते. मधोमध अंगठ्याने खळगा करावा म्हणजे टिक्की फुगून गोळा होत नाही. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावी. आतपर्यंत शिजणे महत्त्वाचे. खिमा कच्चा राहिला तर धोका असतो. तापमापक असेल तर मध्यभागी ७५ अंश सेल्सिअस दिसले पाहिजे.

पाव : मैदा ४८० ग्रॅम, कोमट दूध २८० मिली, गूळ २० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, कोरडे यीस्ट ६ ग्रॅम. ८० ग्रॅमचे दहा गोळे करून फुगू द्यावेत, वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवावा आणि बेकरीच्या भट्टीत भाजावेत. हा आपला पिवळा नान, फक्त बर्गरच्या आकाराचा.

चटणी : खलियाचा रस्सा चमच्याला चिकटेपर्यंत आटवावा. दर बर्गरला २० ग्रॅम पुरे. वर लिंबात मुरवलेला कांदा आणि पुदिना.

पाव कापून आतली बाजू तव्यावर तुपात शेकावी. शेकलेला थर रस्सा लगेच शोषत नाही, म्हणून पाव गळत नाही.

परीक्षकाच्या जागी बसून पाहा

परीक्षक अख्खा बर्गर खात नाहीत, दोन घास घेतात. पहिल्या घासात पाव, टिक्की आणि चटणी तिन्ही आले पाहिजेत, म्हणून उंची तोंडात मावेल एवढीच ठेवावी. दुसरे म्हणजे पदार्थ टेबलावर वाट पाहत निवतो. तेव्हा घरी चाचणी घेताना बर्गर पंधरा मिनिटे ठेवून मग चाखावा. चाखणारे घरचे नकोत, ते कौतुकच करतात. शेजारचा मेकॅनिक, एखादा ट्रकचालक, शाळेतली मुले यांना द्यावा आणि ताटात काय उरले ते पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कशाने चव सुधारली ते कळत नाही.

हिशेब आणि हक्क

दहा बर्गरच्या सामानाच्या खर्चाला दहाने भागा. त्यात गॅस, कागद आणि वाया जाणारा माल धरा. हॉटेलधंद्यात कच्च्या मालाचा खर्च विक्री किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात बसवतात. बसत नसेल तर टिक्की १२० वरून १०० ग्रॅमवर आणा, पण चरबी आणि मसाल्याचे प्रमाण मोडू नका.

स्पर्धेचा अर्ज भरण्यापूर्वी नियम नीट वाचावेत. अनेक स्पर्धांत पाककृती वापरण्याचा हक्क आयोजकांकडे जातो. नुसत्या साहित्याच्या यादीला कायद्याचे संरक्षण मिळणे कठीण असते. पण पदार्थाचे नाव १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदवता येते. म्हणून नाव आपले ठेवावे आणि मसाल्याचे नेमके प्रमाण घरात ठेवावे. विक्री सुरू करताना अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी घेण्यास विसरू नये.

शेवटी एक इशारा. याच रस्त्यावरच्या चितेगावचा व्हिडिओकॉनचा कारखाना एकेकाळी या भागाची ओळख होता. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. फक्त कारखान्याच्या फाटकावर विसंबून राहिलेली टपरी कारखान्याबरोबर बुडते. ज्याच्या पदार्थाचे नाव झाले आहे, त्याच्याकडे मात्र गिऱ्हाईक वाट वाकडी करून येते. आपल्या नानबाई आणि कबाबवाल्या बांधवांनी एक वही, एक वजनकाटा आणि चार सुट्ट्यांचे दिवस एवढे भांडवल घालून पाहावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.