घरी येणारी शुश्रूषा: समज आणि वस्तुस्थिती

अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी शहरांत नर्सिंग ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांच्या ड्युटीवर माणसे मिळतात. ब्युरोने पाठवलेली प्रत्येक बाई ‘सिस्टर’ असते, हा या सेवेबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज. नर्ससाठी एएनएमचा दोन, जीएनएमचा तीन किंवा बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. बाकीचे मावशी, मामा, केअरटेकर. काहींनी थोड्या महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले असते. अनेक जण काम करता करताच शिकतात. अंघोळ, भरवणे, डायपर बदलणे यांत त्यांचा हात बसलेला असतो, पण इंजेक्शन देणे किंवा नाकातून नळी घालणे हे त्यांचे काम नव्हे.

पेशंट दिवसभर शांत पडून आहे म्हणजे काळजी नीट चालली आहे, असेही समजले जाते. प्रत्यक्षात माकडहाड, खुबा, टाचा यांवर सतत भार राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि शय्याव्रण होतात. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. एअर बेड असला तरीही. लाल झालेली जागा तेल लावून चोळण्याची घरगुती सवय तर अपायच करते. उशाशी कूस, पाणी, लघवी आणि औषधांच्या वेळा लिहिलेली वही असेल, तर सेवेचा दर्जा त्या वहीतूनच कळतो.

जास्त दर म्हणजे चांगली सेवा, हेही खरे नाही. दरात ब्युरोचे कमिशन असते. मावशीच्या हाती किती पडते, ती रजेवर गेली तर कोण येते आणि तिच्या कामावर देखरेख कोण करते, हे विचारलेले बरे. चोवीस तासांची ड्युटी म्हणजे चोवीस तास जागरणही नव्हे. पोलीस पडताळणीतून गुन्ह्यांच्या नोंदी कळतात, कौशल्य नाही.

या सेवेवर सरकारचे बारीक लक्ष असते, हा समजही चुकीचा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान निकष आणण्यासाठी २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक मांडले गेले. ते संमत न होताच बारगळले. वृद्धाचा छळ किंवा हेळसांड होत असल्यास १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनाशुल्क मदत मागता येते.