नाशिक शहर विकास आराखडा : हरकती व सूचना

नाशिक महानगरपालिकेच्या विकास आराखड्यावरील हरकती व सूचना ही महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार चालणारी सार्वजनिक प्रक्रिया आहे. विकास आराखडा (कायद्यातील संज्ञा 'विकास योजना') शहरातील प्रत्येक जमिनीचा वापर ठरवतो. निवासी, वाणिज्य, औद्योगिक व शेती विभाग, रस्ते, तसेच शाळा, उद्याने, रुग्णालये, बाजार यांसाठीची आरक्षणे त्यात दाखवलेली असतात. आरक्षित जमिनीवर मालकाला मनाजोगा विकास करता येत नाही. म्हणून आराखडा अंतिम होण्यापूर्वी बाधितांना व सर्वसामान्य नागरिकांना आपले म्हणणे मांडण्याची संधी कायद्याने दिलेली आहे.

कायदेशीर प्रक्रिया

महानगरपालिका प्रथम आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते. त्यानंतर नगररचना अधिकारी शहराचे सर्वेक्षण करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करतो. या नकाशाच्या आधारे प्रारूप आराखडा तयार होतो. त्याची सूचना शासन राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध केली जाते आणि ठरावीक मुदतीत लेखी हरकती व सूचना मागवल्या जातात.

आलेल्या हरकती नियोजन समितीपुढे ठेवल्या जातात. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगरनियोजन किंवा पर्यावरण विषयातील जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. हरकत घेणाऱ्यास सुनावणीची वाजवी संधी देणे समितीवर बंधनकारक आहे. समितीच्या अहवालानंतर आवश्यक फेरबदल करून आराखडा राज्य शासनाकडे मंजुरीसाठी पाठवला जातो. शासनाला त्यात मोठ्या स्वरूपाचे फेरबदल करावयाचे असल्यास त्या फेरबदलांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

नाशिकमधील वाटचाल

नाशिक महानगरपालिकेची स्थापना १९८२ मध्ये झाली. नाशिक, नाशिकरोड व देवळाली या नागरी भागांबरोबरच मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी यांसारखी शेतीप्रधान गावेही तिच्या हद्दीत आली. त्यामुळे शहराचा आराखडा हा प्रारंभापासूनच द्राक्षबागा व भाजीपाल्याच्या जमिनींचाही आराखडा ठरला.

शहराचा पहिला आराखडा १९९३ मध्ये मंजूर झाला. कायद्यानुसार २० वर्षांतून किमान एकदा आराखड्याची सुधारणा करावी लागते. त्यानुसार तयार झालेला प्रारूप आराखडा २०१३ मध्ये वादग्रस्त ठरला. शेतजमिनींवरील आरक्षणांना शेतकऱ्यांनी विरोध केला आणि महासभेनेही तो आराखडा नाकारला. पुढे राज्य शासनाने नवा आराखडा तयार करण्याचे काम नगररचना विभागातील अधिकारी प्रकाश भुक्ते यांच्याकडे सोपवले. नवा प्रारूप आराखडा मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर हरकती व सूचना मागवण्यात आल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये शासनाने आराखड्यास मंजुरी दिली.

याच काळात राज्यातील अन्य शहरांतही असेच प्रसंग घडले. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ मध्ये ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. मुंबईचा प्रारूप आराखडा चुकांमुळे २०१५ मध्ये नव्याने तपासण्याचे आदेश शासनाला द्यावे लागले.

हरकतींचे प्रमुख विषय

आरक्षणे : एखाद्या अल्पभूधारक शेतकऱ्याची संपूर्ण जमीन उद्यानासाठी किंवा क्रीडांगणासाठी आरक्षित झाल्यास त्याच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो. दुसरीकडे, आरक्षण उठवल्यास त्या भागातील रहिवाशांची मोकळी जागा कायमची जाते. आरक्षण वगळण्याची मागणी करणारी आणि ते कायम ठेवण्याची मागणी करणारी, अशा दोन्ही हरकती या प्रक्रियेत ग्राह्य असतात.

साधुग्राम : दर १२ वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तपोवन परिसरात साधूंच्या निवासासाठी साधुग्राम वसवले जाते. काही महिन्यांच्या या गरजेसाठी जमीन वर्षानुवर्षे मोकळी ठेवावी लागते. भूसंपादन व मोबदला हा तेथील जमीनमालकांचा जुना प्रश्न आहे.

पूररेषा : सप्टेंबर २००८ मधील गोदावरीच्या महापुरानंतर नदीकाठच्या बांधकामांचा विषय ऐरणीवर आला. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामास मनाई असते, तर निळ्या व लाल रेषेच्या दरम्यान ते निर्बंधांसह करता येते. रेषा काही मीटर सरकली तरी जमिनीचे मूल्य आणि पुराचा धोका, दोन्ही बदलतात.

मर्यादा व परिणाम

हरकत घेण्याचा हक्क सर्वांना असला तरी तो वापरण्याची क्षमता सर्वांकडे सारखी नसते. नकाशा वाचणे, त्यावरून आपला सर्वे क्रमांक ओळखणे आणि मुदतीत लेखी अर्ज देणे यांसाठी माहिती व वेळ लागतो. जमीनमालकाची हानी सातबारा उताऱ्यावरून दाखवता येते. भाडेकरू, झोपडपट्टीतील रहिवासी किंवा उद्यानाचा भावी वापरकर्ता यांचे हित मात्र कोणत्याही उताऱ्यावर नोंदलेले नसते. शिवाय समितीने हरकत ऐकणे बंधनकारक असले तरी ती मान्य करणे बंधनकारक नाही.

मुदत संपल्यानंतर उरणारे मार्ग अधिक कठीण आहेत. मंजूर आराखड्यातील बदलासाठी फेरबदलाची स्वतंत्र प्रक्रिया करावी लागते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित न झाल्यास मालक खरेदी सूचना बजावू शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही सुरू न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. २०१७ च्या आराखड्यात प्रथमच टाकलेल्या आरक्षणांची १० वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतात. सुनावणीत कायम राहिलेले आरक्षणही निधीअभावी अशा रीतीने शहराच्या हातून निसटू शकते. त्यामुळे प्रारूप आराखड्यावरील हरकतींचा काळ हा जमीनमालक आणि रहिवासी या दोघांसाठीही सर्वांत कमी खर्चाचा व सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानला जातो.