नवतप्यात निघालेली झाडं

पहाटे ४.४५
नागपूर, रविनगरचं सरकारी क्वार्टर. मेअखेर, बदल्यांचा मोसम. या घराची बदली पुण्याला. सामान कालच कंटेनरमधून गेलं, झाडं तेवढी मागे राहिली. जिवंत मालाची जबाबदारी नको म्हणून मूव्हर्सवाल्यांनी ती यादीत घेतलीच नाहीत. बावीस कुंड्या आणि एक माळीकाका. सायकल लावून ते आधी मातीत बोट खुपसतात. परवापासून पाणी बंद ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं. माती जेमतेम ओली, घट्ट. जमलं.

५.१५
मातीच्या कुंड्या नेण्यात अर्थ नाही. वजन त्यांचंच, फुटणार त्याच. खुरपीनं कडा सोडवायची, कुंडी आडवी करायची, बुडावर दोन थापा. गड्डा अख्खा बाहेर येतो, काळ्या पिशवीत जातो. मोगरा सहज निघाला. जास्वंदाची मुळं भोकातून फरशीवर पसरलेली. काकांनी ती कापली आणि वरच्या फांद्याही छाटल्या. घरच्या ताई हळहळल्या.
"मुळं कमी केले तं पानंबी कमी करा लागते जी. नाही तं पाणी कुठून पुरन?"

७.००
प्लास्टिकच्या कुंड्या तशाच जाणार. तोंडावर ओला पेपर, त्यावर चिकटपट्टीची फुली. अरेका पामची पानं जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी खालून वर बांधत नेली. नुसती सुतळी काचते. प्लास्टिक गुंडाळलं तर आत वाफ धरते, पानं शिजतात.

८.३०
तर्री-पोहे. ऊन अंगणात उतरलं, काम बंद. नागपुरात २३ मे २०१३ला ४७.९ अंश झाले होते. नवतप्याच्या या नऊ दिवसांत दुपारी झाड हलवणारा माळी मला तरी भेटलेला नाही.

११.००
झाडं जिन्याखाली सावलीत. काका कॉटन मार्केटला. टोमॅटोचे जुने क्रेट, आठ, सत्तर रुपयांना एक. सुतळी पन्नास, पिशव्या एकशेवीस, चिकटपट्टी चाळीस. भरायला गवत फुकट: शेजाऱ्यांनी कूलरच्या ताट्या नुकत्याच बदलल्यात, जुन्या गॅलरीत पडून आहेत.

सायंकाळी ५.३०
क्रेटमध्ये पिशव्या उभ्या, फटींत गवत. प्रत्येक क्रेट काका दोन्ही हातांनी गदगदा हलवतात. काही सरकलं की पुन्हा गवत. कोरफडीचा क्रेट तीनदा उपसला. माझ्या मते दोनदा पुरे होतं.

७.४५
छोटा हत्ती आला. सतरा हजार भाडं. पुण्याहून परतीचा माल मिळाला तरच परवडतं, असं चालक न विचारता सांगतो. क्रेट केबिनच्या पाठीला, पाम गवतावर आडवा. ताडपत्री वरून आणि पुढून, मागे हिरवी जाळी. शिवमडक्याला समृद्धीवर चढायचं, संभाजीनगरपाशी उतरून अहिल्यानगरमार्गे पुणे. रात्रभराचा वारा उन्हाइतकाच वाईट, पानं करपतात. चालकाला बजावणं: उजाडल्यावर गाडी थांबवायची तर सावलीत. ताईंना बजावणं: पोचल्यावर आठवडाभर थेट ऊन नाही, खत तर नाहीच.

८.३०
हिशोब. सामानाचे सातशेसत्तर, मजुरी नऊशे. रिकाम्या मातीच्या चौदा कुंड्याही काकांच्याच, असं सकाळी ठरलेलं. पण मोठ्या दोन ताईंनी दुपारी शेजारच्या काकूंना देऊन टाकल्या. काकांचा चेहरा उतरला. मोठीचेच तर पैसे येतात. ताईंनी शंभराची नोट पुढे केली, ती त्यांनी घेतली. उरलेल्या बारा सायकलवर मावत नाहीत. उद्या सकाळी हातठेला आणतील. ठेल्याचं भाडं त्यांच्याच खिशातून.