तळ्याचा काठ किती मीटरचा?

जानेवारी 2018 मध्ये आमच्या बेंगळुरूच्या बेळंदूर तळ्यात आग लागली. हो, तळ्यात! सांडपाण्यावर माजलेलं गवत वाळून पेटलं होतं. विझवायला लष्कराचे जवान उतरले.

तळ्याचा जीव काठावर असतो. तिथल्या दलदलीत बेडूक अंडी घालतात, पाणकोंबड्या घरटी करतात, लव्हाळी घाण शोषते. फौजी भाषेत, ही बाहेरची संरक्षणफळी. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये काठापासून 75 मीटर बांधकाम नको, असं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते रद्द केलं: शहराच्या विकास आराखड्यात 30 मीटर आहेत, ते बदलण्याचा अधिकार लवादाला नाही.

म्हणजे काठ आराखडाच ठरवतो. तुमच्या गावचा नवा आराखडा निघाला, की हरकतींच्या मुदतीत तळ्याचे मीटर आधी बघा आणि लेखी हरकत द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका.